आधीच

कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली माझं टेबल.
दिवसभर बोटांतून एकच शब्द जातो: ताबा.
कुणाची वहिवाट, बांध कुणी कोरला,
उंबऱ्यावर कुणाचा पाय आधी.
अर्ज कन्नडमध्ये, भांडण मराठीत,
निकाल इंग्रजीत येतो.

मंगळवारी सांबऱ्याहून भागीरथी कणबरकर आल्या.
पिशवीतून कागद काढला,
घडीघडीला आरपार झालेला.
वडील कॅम्पातल्या मेसमध्ये स्वयंपाकी,
कुणा मेजरनं जाताना दिलेला दाखला.
"मराठीत करून द्या की. भिंतीला लावायचाय."

वाचत गेलो. प्रामाणिक. वेळेचा पक्का.
रस्सा असा, की जवान रजा पुढे ढकलायचे.
आणि मध्येच एक वाक्य:
दिसायला प्रीपझेसिंग नाही.

शेजारी होसमनींना विचारलं.
"मनसेळेयुव," ते म्हणाले कार्बन सरळ करत,
"मन ओढून घेणारं."
डिक्शनरीत होतं, पाहताक्षणी छाप पाडणारं.
मी शब्द उसवला, जुनी खोड,
तर आत माझंच रोजचं निघालं:
प्री म्हणजे आधी, पझेशन म्हणजे ताबा.
ओळख नाही, नोटीस नाही,
एक चेहरा येतो
आणि मनात कुळासारखा बसतो.

"काय लिवलंय त्यात?"
"दिसायला... साधे होते, असं काहीसं."

त्या हसल्या.
"देवीचे वण होते तोंडभर.
नवी पोरं दचकायची म्हणे पहिल्या दिवशी.
मला काय ठाऊक?
मी बघायला लागले तेव्हा
ते तोंड आधीच होतं तिथं,
चुलीच्या उजेडात, माझ्यावर वाकलेलं.
पहिल्यांदा बघितलं
असं कधी झालंच नाही हो."

होसमनींचा टाइपरायटर थांबला.

वाक्य मी गाळलं नाही.
पाहताक्षणी छाप पाडणारा नाही, असंच टाइप केलं,
साहेबाचं म्हणणं साहेबाच्या नावावर.
खाली दोन बोटं जागा मोकळी सोडली.

"ही कशाला रिकामी?"
"हरकतीची जागा. तुमची असली तर."

पेन मागून घेतलं त्यांनी,
बराच वेळ नुसतं धरलं.
चिंचेचा पाला कागदावर पडत राहिला.
मग काहीच न लिहिता सही केली,
एकेक अक्षर दाबून, सासरचं नाव सोडून:
भागीरथी जोतिबा मुतगेकर.