उकळू नका

आयोवातल्या एका तालुक्याच्या गावी
मी पाणी तपासते.
जानेवारीत बाटल्या तुरळक, एप्रिलपासून रांग.
झाकणावर शेताचं नाव, विहिरीची खोली,
कधीकधी पेन्सिलीने: घरात बाळ आहे.

शाळेत हे चक्र मी वहीत काढलं होतं.
ढग, गाय, मूग, पाच बाण,
शेवटचा पहिल्याच्या शेपटीला मुकाट टेकलेला.
बाईंनी दहापैकी नऊ दिले. गाय जमली नव्हती.

इथले बाण तसे वागत नाहीत.

हवेच्या पाच वाट्यांतले चार नत्रच.
मका त्यात गळ्यापर्यंत बुडून उभा, आणि उपाशी.
कारण नत्राची जोडगोळी
एकमेकांना तीन-तीन हातांनी धरून बसते,
हाक मारली तरी वळत नाही.
वीज कडाडली तर थोडी सुटते.
सोयाबीनच्या मुळांवर, टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींत
काही जीव ती मिठी गोडीगुलाबीने सोडवतात,
बदल्यात साखर घेतात. उधारी नाही.
बाकीची कारखाना सोडवतो, आगीने, दाबाने,
मग पांढऱ्या टाकीतून ती ट्रॅक्टरमागे निघते
डोळ्यांना झोंबत.

मका भुकेपुरतं घेतो.
उरलेलं पावसाबरोबर खाली,
जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून ओढ्याला,
ओढ्यातून नदीला, नदीतून थेट मेक्सिकोच्या आखातात,
जिथे शेवाळ माजतं, मरतं, कुजतं
आणि कोळंबीला धाप लागते.

वाटेत कुठेतरी एक विहीर.

ब्रिआना हॅल्व्हरसनची, अठ्ठावीस फूट.
आकडा तेवीस आला. हद्द दहाची.
मी फोन केला. मागे बाळ कुरकुरत होतं.
"उकळून देऊ का?"
आमच्या घरी ताप, पाहुणा, पुराचं पाणी,
सगळ्यावर हाच एक उपाय होता.
"नको," मी म्हणाले, "उकळलं की पाणी उडतं,
हे राहतं. आणखी दाट होतं.
विकतचं पाणी आणा. ओठ निळे दिसले तर लगेच..."
ती गप्प. मग पावलं, दिव्याचं बटण.
"गुलाबी आहेत," ती म्हणाली. "आत्ता तरी."

वरच्या उताराचं शेत लव्हर्न ओस्टरमनचं.
त्याने गेल्या ऑक्टोबरात नळीच्या तोंडाशी
बसएवढा खड्डा खणला, लाकडाच्या ढलप्यांनी भरला.
खाली अंधारात, प्राणवायू नाही तिथे,
काही जीव याच पाण्यातलं नायट्रेट श्वासासारखं वापरतात
आणि जोडगोळी पुन्हा जुळवून वर सोडून देतात.
ब्रिआनाच्या विहिरीला त्याचा काही उपयोग नाही.
ओढ्याला आहे, थोडा.

मे महिन्यात तो दोन बाटल्या घेऊन आला.
खड्ड्याआधीची अठरा. नंतरची सहा.
टोपी मागे सारत त्याने विचारलं,
"मग बारा गेले कुठे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यानेही.
पार्किंग, झेंड्याचा खांब, दुपार.
दोघांनी श्वास घेतला.
ते आत गेलं,
आणि कशालाही न शिवता बाहेर आलं.