भेट कलम

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत मी सतरा वर्षं चिटणीस.
म्हणजे परिपत्रक आलं की फळ्यावर लावायचं,
लावण्याआधी मोठ्याने वाचायचं,
कारण येसू तारीचा चष्मा
कायम घरी राहिलेला असतो.

परवाच्या राजपत्रात एवढंच होतं:
डिझेलच्या परताव्याबाबत
‘देईल’ या शब्दाऐवजी
‘देता येईल’ हे शब्द दाखल करण्यात येतील.
बस. शाई वाळलेली, शिक्का थोडा तिरका.
येसू म्हणाली, "म्हणजे मेळतला काय नाय, तां सांग."
मी पुन्हा वाचलं.
मराठी माझीच होती,
तरी मला सांगता येईना.

वर लिहिलं होतं: ज्याअर्थी
देशाने अमक्या करारास संमती दिलेली आहे,
आणि चार ओळी सोडून: त्याअर्थी.
ज्याअर्थी आणि त्याअर्थीच्या मधे
किती वाव पाणी असेल
हे माझ्या नकाशात नाही.
तिथे एक लांब टेबल असावं,
पाण्याच्या बाटल्या, देशांच्या नावाच्या पाट्या,
आणि आपला कुणी एक माणूस,
रात्रीच्या तीन वाजता झोप आवरत
‘लहान’ शब्दाची व्याख्या ऐकत बसलेला.
त्याला दोष कसा देऊ?
मीसुद्धा सभेत डुलक्या काढतो.

आणि खोटं कशाला बोलू,
प्रकाशझोताच्या बोटी बंद करा म्हणून
आम्ही कचेरीपुढे नऊ दिवस बसलो होतो.
लिंबू सरबत पाजून उठवलं आम्हांला.
मग परदेशातल्या कुणा खरेदीदाराने विचारलं,
हा मासा कुठल्या पाण्यातला, कुठल्या उजेडात धरलेला?
आणि पुढच्याच महिन्यात नियम निघाला.
आमचं गाऱ्हाणं ज्या दारातून आत गेलं नाही
त्याच दारातून त्यांचं पत्र गेलं.
पेढे मीच वाटले.
पेढा जिभेवर असताना
मला कसंसंच झालं होतं.

माझा मेहुणा कुणकेश्वरला कलमं बांधतो.
रायवळचं रोप कुंडीसकट उचलून
हापूसच्या फांदीपाशी माचावर ठेवायचं,
दोघांची साल सोलायची, उघड्याला उघडं लावायचं,
सुतळीने करकचून बांधायचं.
भेट कलम म्हणतात त्याला.
तीन महिन्यांनी रायवळचं डोकं छाटायचं,
पुढे बुंध्यातून काही हिरवं डोकावलं
तर तेही खुडायचं.
"रायवळाक इचारतत काय रे?" मी म्हटलं.
तो हसला, "झाड काय सही करता?"
मग हात पुसत म्हणाला,
"हापूसय गलबतातसूनच इलो म्हणतत.
आता तुका नको काय तो?"
मी गप्प. डब्यात आमरस होता.

रापणीचा कायदा कुणी लिहिला नाही.
दोराला हात लागला, वाटा पडला.
लागणारा हात गेला,
तर त्याच्या घरात वाटा पडला.
येसूचा नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली,
पण ओल्या वाळूवर
तिची टोपली कधी रिकामी ठेवली नाही कुणी.
नव्या व्याख्येत लहान मच्छीमार म्हणजे
अमुक मीटरहून कमी लांबीची नौका ज्याची आहे तो.
ज्याची नौकाच नाही
तो किती लहान, हे कलमात नाही.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस काल होता.
नाव, गाव, आधार, बँक.
मग ‘नौकेची लांबी’.
मी पेन थांबवलं.
बाहेर कुणीतरी जाळं तुणत होतं,
सुई दातांत धरून.
येसूने रकान्यावर बोट ठेवलं.
त्या बोटाला बांगड्याचा वास होता.
"हय दोराची लांबी लिव," ती म्हणाली.

मी दोर मोजायला पोरगा पाठवला.
तो धावत परत आला, आकडा तळहातावर लिहून.
रकान्याला चौकटी दोनच होत्या.