अठ्ठाविसावा दिवस

मिस्टर हॅवर्ड,
तीस दिवसांच्या आत नाकारता येते, असं कायदा म्हणतो.
आज अठ्ठाविसावा.
स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लिहिते आहे.
गाडी बाहेर उभी आहे, वायर लावलेली,
आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे
जसं काही घडलंच नाही.

पहिल्या पंधरवड्यात ती तीनदा निजली.
एकदा लॅन्डायलोच्या बाजारात,
एकदा दंतवैद्याच्या दारात,
आणि तिसऱ्यांदा ब्लॅक माउंटनच्या चढावर,
धुक्यात, दुसऱ्याच कुणाच्या मेंढ्यांमध्ये.
पडद्यावर एकच वाक्य :
वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवा.
वाहन केव्हाच थांबलं होतं.

माझा भाऊ इद्वल ट्रॅक्टर घेऊन आला.
वर्षभर सांगत होता, विजेची नको, डिलिस.
त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही.
नऊ मैल मी दोराच्या टोकाला बसून
त्याची पाठ बघत आले.
तो हसला असता
तर हे पत्र जरा मऊ झालं असतं.

तुमचा मॅक्सेन गुणी मुलगा आहे.
दर वेळी म्हणतो, सॉफ्टवेअर.
रात्रीतून नवं येईल, सकाळी बघा.
सकाळी बघितलं :
अंगणात दोनशे बारा मैल,
चॅपलच्या वळणावर एक्केचाळीस.
मधले मैल कुणी खाल्ले
ते त्यालाही सांगता येईना. कान तेवढे लाल झाले.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी.
डिझेलची.
जानेवारीत तिला आधी शिव्या द्याव्या लागत,
मग गोंजारावं लागे,
आणि ती खोकली की मला कळायचं
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय.
ही खोकत नाही.
गप्प मरते, आणि मेल्यावर
गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करते.

तुम्ही रबरी मॅट देऊ केल्यात.
मग तीन सर्व्हिसिंग फुकट.
मग दुसरा रंग, जणू दोष निळ्यात होता.
दुरुस्तीची एक संधी तरी द्या, म्हणालात.
चार दिल्या, तारखा सोबत जोडल्या आहेत.
आता पैसे.
पेन्शनमधून एकरकमी उचललेले, सगळे,
नंबरप्लेटचे धरून.
भिंतीवरच्या चार्जिंगच्या पेटीचे मागत नाही.
भिंत माझी, हौसही माझी.

कायद्यातला शब्द आहे : नाकारणे.
तीनदा लिहिला, तीनदा खोडला.
एकतीस वर्षांत थांब्यावरच्या एकाही पोराला
मी नाकारलं नव्हतं,
पास विसरलेल्याला नाही,
ओकणाऱ्याला तर नाहीच.

आणि हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते.
आणली त्याच संध्याकाळी
नदीकाठच्या रस्त्याने काचा खाली करून निघाले
आणि चालत्या गाडीत मला घुबड ऐकू आलं.
तोच रस्ता, तीच झाडं.
इतकी वर्षं ते तिथंच ओरडत असणार,
माझ्या इंजिनाखाली.
गाडी थांबवली नाही. थांबवावी लागलीच नाही.
त्या एका संध्याकाळचे पैसे हवे तर कापून घ्या.

नाही. कापू नका.

शुक्रवारी दहाला ट्रक पाठवा.
मी चालवत आणून देणार नाही, रस्त्यात काय होईल ते
आपण दोघंही जाणतो.
किल्ली खिडकीत ठेवीन.
मी बाहेर येणार नाही, त्याचा राग मानू नका :
जवळ गेलं की तिची मुडपलेली हँडलं
आपली आपण बाहेर येतात,
हात पुढे केल्यासारखी.
सगळं बिघडलं, हे मात्र
एकदाही नाही.

डिलिस प्रोथेरो

ता. क. वायर डिकीत ठेवली आहे. पुसून.