खडूची ओल

जानेवारीत पंप झोपलेले असतात,
म्हणून विहिरी जानेवारीतच मोजायच्या.
डेलबर्ट ग्रॅसलर पोलादी फितीच्या टोकाला
सुतारकामाचा निळा खडू फासतो,
बाळाला पावडर लावावी तसा, मन लावून,
आणि बोअरच्या भोकातून फीत खाली सोडतो.
मी वही धरते. हातमोज्यात पेन्सिल नीट बसत नाही.

फीत जाते, जाते, जात राहते.
वर ओढली की जिथवर खडू गडद झाला
तिथवर पाणी.
सोडलेले फूट वजा भिजलेले फूट.
अख्ख्या पश्चिम कॅन्ससचं शास्त्र
दुसरीतल्या वजाबाकीएवढं.

त्याची पहिली फीत दीडशे फुटांची होती.
ती आता गॅरेजात खिळ्याला टांगलेली.
तिला कुठलंच पाणी लागत नाही.

गुरुवारी शाळेच्या जिममध्ये सभा झाली.
बास्केटबॉलच्या रेषांवर घडीच्या खुर्च्या
आणि पडद्यावर कालवा:
मिसूरी नदीपासून इथवर साडेतीनशे मैल,
राज्याच्या पोटावर टाके घातल्यासारखी पंपघरं,
कारण पाणी चढावर न्यायचं होतं.
इंजिनिअर सारखा म्हणत होता, उचल, इतक्या फुटांची उचल,
मागच्या रांगेत कळेना
ही पाण्याची की पैशांची.

पलीकडच्या राज्यातून एक बाई आल्या होत्या,
लोरेटा व्हँडिव्हर, बार्जवाल्यांच्या संघाच्या.
म्हणाल्या, तुम्ही फक्त पुराचं पाणी मागताय,
पूर काय तारीख घेऊन येतो?
आणि पुराशिवायची पाच वर्षं
तुम्ही रिकामा कालवा बघत बसाल,
की आमची नदी?
कुणीतरी ओरडलं, समुद्रात वाया जातं ते!
त्या हसल्या नाहीत.
वाया जाता जाताच आमच्या गावांवरून जातं, म्हणाल्या.

मका किती कमी लावता येईल
हे आमच्या बाजूनं कुणी काढलं नाही.
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
तेही केवढं भांडं,
विमानातून दिसणारी ती हिरवी वर्तुळं
एकाला एक चिकटून, क्षितिजापर्यंत.

माझी आई कसाईखान्यात रात्रपाळी करते.
ती मेकाँगच्या मुखाकडची,
तिच्या लहानपणी होडी दाराशीच बांधलेली असायची.
तिला नकाशा दाखवला.
तिनं चष्मा पुसला, बोट रेषेवरून नेलं,
कालव्याच्या उलट दिशेनं, नदीपर्यंत,
नदीवरून खाली,
आणि विचारलं, इथं कोण राहतं?
मला ठाऊक नव्हतं.
तिला झोपायचं होतं, तिनं पडदा ओढून घेतला.

आज शेवटची विहीर डेलबर्टची स्वतःची.
वडिलांनी खणली त्या साली, म्हणे,
पंप सुरू झाला तेव्हा कुत्रा घाबरून
दोन दिवस धान्याच्या कोठीमागे लपला होता.
फीत खाली गेली.
वर आली ती जशीच्या तशी, निळी.
त्यानं अंगठा फिरवून पाहिला. अंगठा निळा झाला.
अडकली असेल कुठेतरी, म्हणाला.
दुसऱ्यांदा सोडली.
तिसऱ्यांदा खडू नव्यानं फासून सोडली,
सावकाश, कान भोकाला लावून.

वहीत चौकट आहे, तिथं आकडा लिहायचा असतो.
काय लिहू, मी विचारलं.
तो पिकअपच्या दाराला टेकून उभा राहिला.
पूर्वेकडे नदी आहे, तिकडे पाहत असावा,
किंवा नुसता वाऱ्याकडे पाठ करून.
लिही, मोजता आली नाही.

मी लिहिलं.

गाडीत हीटर तापायच्या आत
त्यानं वही मागून घेतली,
बराच वेळ मांडीवर धरली.
खोड ते, म्हणाला. कोरडी लिही.
खोडरबर आमच्याकडे नव्हताच कधी.
मी रेघ ओढून खाली दुसरा शब्द लिहिला.
त्यानं पान धरलं होतं तिथं, कोपऱ्यात,
निळा अंगठा उठला होता.