एकोणीस मिनिटं

मार्चातली दुपार. केगावच्या माळावर
ऊन पत्र्यासारखं वाजतंय.
परीक्षा विभागात चार पंखे, त्यातला एक फिरतो,
त्याच्याखाली कागदांवर ठेवलेले दगड,
प्रत्येक टेबलाचा आपापला.

मी एका अर्जाच्या मागे लागले.
क्रमांक सातशे बारा, नावात दुरुस्ती:
आईचं नाव नरसम्मा, गुणपत्रिकेवर नरसिंहा.
पोरगी दोन गाड्या बदलून तिसऱ्यांदा आलेली,
ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली,
"आई बाप्या झालीय ओ मॅडम, कागदावर."
मागची रांग हसली. तीही हसली.
मला हसू आलं नाही.

म्हणून चालत गेले त्या कागदाबरोबर,
वहीत टेबलाटेबलाची वेळ टिपत.
आवक: दोन मिनिटं. मग आठ दिवस दगडाखाली.
पडताळणी: सहा मिनिटं. मग साहेब रजेवर,
मग साहेब आले, तर शाई संपलेली.
कोरेंची सही: अर्धं मिनिट,
तिच्या आधी अकरा दिवस.
छपाई, शिक्का, जावक, आणि परत आवक,
कारण जावकवाल्याला वाटलं, हे आपलं नव्हे.

एकेचाळीस दिवस.
त्यात काम एकोणीस मिनिटं.
बेरीज तीनदा केली.
बेरीज बरोबर होती.

माझे वडील मागावर जॉबर.
एक तार तुटली की माग थांबवायचे,
मालक ओरडला तरी.
म्हणायचे, आत्ता गाठ मारली तर बोटभर,
चादर उतरल्यावर उसवायला बसलं तर हातभर.
आम्ही मात्र तुटल्या तारेवर विणतच गेलो,
घडी घालून, शिक्का मारून,
थेट पदवीदानाच्या मांडवापर्यंत.

मग बैठक झाली. चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी.
मागे फलक: 'निरंतर सुधारणा, प्रशासकीय उत्कृष्ठता'.
त्यातला ठ तासभर आमच्याकडे बघत होता,
आमच्यातलं कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.
मी वही उघडली. विचारलं,
"कोरे, तुमच्या सहीत नेमकं काय तपासता?"
कोरेंनी चष्मा पुसला, बराच वेळ.
"एकदा खोटी गुणपत्रिका निघाली होती, येमूलबाई.
साहेब म्हणाले, आजपासून तुम्ही बघा.
काय बघायचं, ते सांगायचं राहून गेलं.
मी बघतोय."

सही काढली. आठवडाभर कोरे
दगड इकडचा तिकडे करत बसले.
माणसाची खुर्ची काढायला कोणता अर्ज लागतो
आणि तो किती दिवसांत निघतो,
हे माझ्या वहीत नव्हतं.

नवव्या दिवशी ते स्वतःच खिडकीवर गेले.
अक्कलकोटचा कन्नड माणूस, मोडक्या तेलुगूत
फॉर्म भरणाऱ्या पोराला विचारतो, "अम्मा पेरू?"
मागचा एक मंगळवेढ्याचा म्हणतो, "पेरू कुठंयत ओ?"
कोरे म्हणतात, गप. नाव विचारतोय. तू पण सांग,
आई हाक मारल्यावर वळते ते नाव, मोठ्यानं.
आणि ऐकून ऐकून लिहितात, काना, मात्रा, जोडाक्षर,
फॉर्म खिडकीतून आत यायच्या आधी.

आता नऊ दिवस लागतात.
नऊसुद्धा का, ते शोधतेय.
फलकावरचा ठ मी पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकलाय,
सध्या तिथं नुसती जागा आहे.

आणि कपाटाच्या तळाशी सापडली
टपालातून परत आलेली त्रेसष्ट पाकिटं,
'पत्ता अपूर्ण'. आत पदव्या, कोऱ्या करकरीत.
पाचनंतर थांबून एकेक नंबर लावते.
हा नंबर अस्तित्वात नाही.
हा पुण्यात कुणा दुसऱ्याचा.
सतरावा लागला. पलीकडे खडाखट खडाखट,
आणि बाईचा चढा आवाज:
"कोण? विद्यापीठ? काय आलंय म्हणता?
थांबा ओ, ऐकू येईना,

माग बंद करते."