काउस्लिप

मंगळवारी आणि शुक्रवारी
विल्फ मेटकाफच्या नडगीवरची पट्टी बदलायला जाते मी,
हॉजच्या पुढे साडेतीन मैल.
शेवटचं फाटक आपणच उघडायचं, आपणच लावायचं.

एप्रिल सरताना कुरणात
पिवळी, मान खाली घातलेली फुलं दिसली,
एकेका देठावर दहा-बारा.
नाव विचारलं. काउस्लिप, म्हणाला.
मी मनातल्या मनात फोड केली:
काउज् लिप, गाईचा ओठ.
बरं वाटलं. आमच्याकडे गोकर्ण, इथे ओठ.
एकच गाय, दोन भाषांनी वाटून घेतलेली.

"ओठ कसला, पोरी! चुकीच्या जागी तोडलंस.
काऊ, आणि मग स्लिप.
जुन्या बोलीत स्लिप म्हणजे शेण,
पातळ, नुकतं पडलेलं.
पो पडला की तिथे हे उगवतं,
असं आमच्या म्हाताऱ्यांना वाटायचं."
आणि खोकला येईपर्यंत हसला.

मी पट्टीचं टोक चिकटवत होते.
छातीवरच्या बिल्ल्यावर माझं नाव: एस. शेन.
इथे आले त्या आठवड्यातच कापलं ते.
लांब पडतं, असं सांगितलं सगळ्यांना.
खरं तर कराडच्या शाळेत
हजेरीला शेणोलीकर आलं की
मागचा बाक नाक दाबायचा.
गावाचं नाव शेणावरूनच पडलं की आणखी कशावरून,
कोणी धड सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

आईच्या माहेरी, बुलढाण्याकडे,
तिच्या एका काकांचं नावच शेणफड.
आधीची तीन मुलं गेलेली;
याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलला,
देवाला वाटावं, टाकाऊ आहे, राहू दे.
ते ब्याण्णव वर्षं राहिले.

हे विल्फला सांगताना
उकिरड्याला शब्द सापडेना,
तर त्यानेच खिडकीबाहेर बोट दाखवलं.

मग बराच वेळ तिकडेच बघत राहिला.
पोत्यातली खतं आली तेव्हा, म्हणाला,
खोरंभर कुरणं हिरवीगार झाली,
नुसती हिरवी.
या चढावर पोती वाहायचा मला कंटाळा,
म्हणून इथे ही राहिली.
"कंटाळा," पुन्हा म्हणाला,
जरा ऐटीतच.

परतताना फाटकापाशी बूट सरकला.
चिखल असेल, किंवा दुसरं काही.
गजाला धरून सावरले, फाटक लावलं.

नवा बिल्ला मागायचाय ऑफिसात.
एवढी अक्षरं मावतात का, बघू.