मंगळवार, रात्री दोन

शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं. खराडी, सातवा मजला.
ज्या खोलीचं नाव मुठा आहे आणि जिला खिडकी नाही
त्या खोलीत आम्ही आठ जण
आणि पडद्यावर सेल्वी, कोइमतूरहून,
तिच्यामागे कुकरच्या शिट्ट्या.

आमच्या दर स्प्रिंटला एका गडाचं नाव असतं.
राजमाची काल संपला.
कुठे चढलो, कुठे दमलो, कोण घसरलं
ते आज बोलायचं.
कोण, हे सोडून.

मी फळ्यावर तीन रकाने आखते:
बरं झालं. बिघडलं. बदलू या.
मग तो नियम वाचते, मीच छापून डकवलेला:
दोष पद्धतीचा असतो, माणसाचा नसतो.
हे वाचताना माझा आवाज विमानातल्या सूचनेसारखा होतो
असं नचिकेतने एकदा चिठ्ठीवर लिहिलं होतं
आणि बरं झालं-मध्ये चिकटवलं होतं.

बेल एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही,
असं दारावर रंगवून घेणारं हे शहर,
आणि त्यात माझी टीम
पिवळ्या चौकोनावर लिहिते: संवाद वाढायला हवा.
तोरण्यालाही हेच लिहिलं होतं. लोहगडालाही.
सहा महिने संवाद वाढतोच आहे.

मग एक गुलाबी.
बाकी सगळ्या इंग्रजीत, ही मराठीत,
बॉलपेन इतकं दाबून की मागून बोट फिरवलं तर वाचता यावं:
मंगळवारी रात्री दोन वाजता मी एकटा होतो.

चिठ्ठीवर नाव नसतं.
गरजही नाही, रात्रपाळीचा तक्ता
त्याच भिंतीवर, वीतभर डावीकडे लटकतोय.
वैजनाथ घुले कागदी पेल्याची कड नखाने उलगडतो,
पूर्ण उलगडली की पुन्हा गुंडाळू बघतो.

फरहान म्हणतो, पण पेमेंट साडेचारला सुरू झालं ना,
मग हे बरं झालं-मध्ये जाईल.
तो चेष्टा करत नाहीये.
ओजस्विनी म्हणते, बिघडलं-मध्ये.
कुणीतरी म्हणतं, नंतर बघू.
चिठ्ठी माझ्या अंगठ्याला चिकटलेली.

आणि पडद्यावरून सेल्वी विचारते,
काय लिहिलंय? मला वाचता येत नाही.

सगळे माझ्याकडे बघतात.
मी सांगते तिला, इंग्रजीत, चार-सहा शब्दांत.
मराठीत ते वाक्य पुरुषाचं होतं,
एकटा-मधला काना, होतो-मधला ओ,
माझ्यापासून हातभर लांब.
इंग्रजीत त्याला बाई-पुरुष काही कळत नाही.
मी, एकटी की एकटा, होते की होतो,
वाक्य माझ्या तोंडातून निघालं
आणि माझंच असल्यासारखं वाजलं.

मंगळवारी माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं.
पाहुणे नव्हते. लाइट गेली नव्हती.
कूलर चालू होता, उशीजवळ फोन थरथरला,
मी नाव वाचलं,
आणि फोन पालथा घातला.
बुधवारी स्टँडअपला विचारलं, रात्री सगळं ठीक?
तो म्हणाला, हो.

मी पिवळा कागद घेते. लिहिते:
फोन मी पाहिला होता.
कुठल्या रकान्यात जाईल ते कळेना,
म्हणून फळ्याच्या लाकडी चौकटीवर लावते,
गुलाबीच्या खाली. लाकडावर नीट चिकटत नाही.
तळहाताने दाबून धरते.

दारावर टकटक. पाच वाजले,
खोली आता दुसऱ्या टीमची.
काचेपलीकडे त्यांच्या हातात त्यांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे.
सेल्वीचा चौकोन काळा होतो.
लॅपटॉप मिटतात, खुर्च्या मागे सरकतात,
नचिकेत डस्टर घेऊन विचारतो, पुसू का?

वैजनाथ पेला चुरगाळतो, उठतो,
माझ्याकडे न बघता म्हणतो,
मॅडम, दीडला पण केल्ता.